कपाटात बसून ऐकलेल्या उत्तराबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
अभियांत्रिकी अभ्यासक्रम मानांकन मंडळ,
दुसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे.

विषय: यंत्र अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचे मानांकन बुडवणारा विद्यार्थी ‘चष्म्या’ याच्याविरुद्ध माझी कानांनी ऐकलेली साक्ष नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या तपासणी समितीचा अहवाल, परिच्छेद ९.४.
२) याच विषयावरील माझा पहिला अर्ज, जो ‘खाडाखोड असल्याने परत’ असा शेरा मारून परत आला.

महोदय,

१. खाली जे लिहिले आहे त्यावर आपला विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर कोणाचाच बसलेला नाही. तरी मी छत्तीस वर्षे एकाच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, आणि निवृत्त होऊन आठ वर्षे लोटली तरी आपली समिती यायची म्हटले की विभागप्रमुख गाडी पाठवून मलाच बोलावून घेतात, एवढ्यावरून माझी योग्यता ध्यानात यावी.

२. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने हा अर्ज मी सांगत आहे व माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, लिहून घेत आहे. मागचा अर्ज खाडाखोडीपायी परत आला, म्हणून तिला सक्त ताकीद दिली आहे की या खोलीत जे बोलले जाईल ते जसेच्या तसे उतरवायचे. एक अक्षर गाळायचे नाही आणि एकही खोडायचे नाही. ती याच अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मानांकन नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी अभियंता म्हणून नोंदणीला चालत नाही. म्हणजे चार वर्षे घासून पोरीच्या हाती कागद येणार, पण तो दाखवून तिला कोणी साध्या पुलाच्या नटबोल्टालाही हात लावू देणार नाही. तिच्यासकट बासष्ट जणांची हीच गत झाली आहे. ती कोणी केली हे सांगण्यासाठी हा अर्ज.

३. आपल्या नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याने ताणयंत्रात लोखंडी सळई लावून ती तुटेपर्यंत ओढायची आणि किती भाराला तुटली ते वहीत लिहायचे. आमचे ताणयंत्र दोन माणसांइतके उंच आहे. त्याचा पंप अकरा वर्षांपूर्वी मेला. तेव्हापासून ते विजेवर नाही, माझ्यावर चालते. तपासणीच्या आदल्या दिवशी मी सळई करवतीने पाऊण कापून ठेवतो व खाच ग्रीसने बुजवतो. तबकडीच्या काट्याला बांधलेली बारीक तार मागच्या बाजूला आणलेली आहे. ती मी पत्र्याच्या आडोशाला स्टुलावर बसून ओढतो. काटा हव्या त्या आकड्यावर आला की डाव्या हाताने तार सोडायची, पायाने खालची तरफ दाबून सळईचे दोन तुकडे करायचे, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने लोखंडी पाटावर घण घालायचा. असा दणका बसतो की मागच्या खेपेस एका तपासनिसांच्या हातातली कपबशी खाली पडून फुटली. त्यांनी अहवालात ‘यंत्राची क्षमता उत्तम’ असे लिहिले.

४. माझ्या कामाचा आवाका कळावा म्हणून आणखी थोडे. समितीचा चहा होईपर्यंत मी एकच लेथ मशीन तीन प्रयोगशाळांत तीन वेगवेगळ्या रंगांत उभे केलेले आहे. (नात विचारते, ‘आजोबा, तीन की दोन?’ तीन. लिही.) तिसऱ्या ठिकाणी तपासनिसांनी मशीनवर हात टेकला, तो हिरवागार होऊन वर आला. मी सांगितले की गंज न लागणाऱ्या लेपावर आमचे काम चालू आहे. त्यांनी ‘संशोधन चालू’ अशी नोंद केली आणि हात धुवायला गेले. समितीला माजी विद्यार्थी, कारखानदार आणि पालक यांनाही भेटायचे असते. एका वर्षी तिन्ही मीच होतो. सकाळी माजी विद्यार्थी म्हणून मी महाविद्यालयाचे आभार मानले, दुपारी कारखानदार म्हणून सकाळच्या त्या विद्यार्थ्याला मीच नोकरी दिल्याचे सांगितले, आणि संध्याकाळी बाप म्हणून त्याला नोकरी लागल्याबद्दल डोळे पुसले. त्या वर्षी पाच वर्षांचे मानांकन मिळाले.

५. आता मूळ मुद्दा. समिती बाराजण विद्यार्थ्यांना एका खोलीत घेऊन बंद दाराआड बोलते. शिक्षकांना बाहेर काढतात. ही आपल्या नियमातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, हे मी वयाच्या अधिकाराने सांगतो. यंदा त्या बाराजणांना मी तीन दिवस घोटवून घेतले. सळई कशी तुटली? आधी लांबली, मग मधोमध बारीक झाली, मग तुटली. झोपेतून उठवून विचारले तरी हेच. सातव्या खुर्चीवर माझी नात होती. तिला मीच बसवली, कारण चार वर्षांत तिने वर्गात तोंड उघडलेले कोणी पाहिलेले नाही. अकराव्या खुर्चीवर चष्म्या होता. तो वर्गात पहिला येतो म्हणून त्याला विभागप्रमुखांनी बसवला. मी तेव्हाच म्हणालो होतो, साहेब, पहिला येणारा पोरगा भरवशाचा नसतो.

६. पुढे काय झाले ते आपल्याच परिच्छेद ९.४ मध्ये आहे: ‘बारापैकी अकरा उत्तरे शब्दशः सारखी होती. एका उत्तरानुसार यंत्र बंद असून काटा तारेने ओढला जातो. समिती बैठकीतून उठून थेट यंत्रामागे गेली असता तेथे तार, घण, स्टूल व चहाचा अर्धा पेला आढळला. चहा गरम होता.’ याबाबत माझे दोन आक्षेप आहेत. अकरा उत्तरे एकमुखाने एक सांगत असताना बाराव्यावर विश्वास ठेवणे हा बहुमताचा अपमान आहे. आणि चहाच्या तापमानाचा यंत्र अभियांत्रिकीशी काय संबंध, हे कळत नाही.

७. दोषी कोण हे आम्ही त्याच दिवशी शोधून काढले. बाराजण बाहेर आले तेव्हा चष्म्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. ज्याचे मन साफ असते त्याला चष्मा पुसावा लागत नाही. मी हे विभागप्रमुखांना दाखवले, त्यांनी मान डोलावली आणि काम सुरू झाले. गेल्या पाच महिन्यांत त्याच्या एकाही वहीवर सही झालेली नाही. कार्यशाळेच्या परीक्षेत त्याला दोनदा नापास केले. दुसऱ्यांदा तो कानस हातात घ्यायच्या आधीच निकाल लागला होता. वसतिगृहात त्याची गादी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडली. तो जेवायला बसला की ते टेबल रिकामे होते. त्याला एका कारखान्यात नोकरी लागली होती; मी त्याचा मामा म्हणून फोन केला आणि सांगितले की भाचा हुशार आहे हो, फक्त यंत्राचा आवाज ऐकला की चक्कर येऊन पडतो, तेवढे सांभाळून घ्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून नोकरी रद्द केली. मामा म्हणून मला वाईट वाटले.

त्याच्या बापालाही बोलावले होते. घड्याळे दुरुस्त करणारा माणूस आहे, काम करताना डोळ्याला लावायचे भिंग कपाळावर तसेच ठेवून आला. त्याला सर्व वर्गासमोर बोळात उभे केले. तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, माझा मुलगा खोटं बोलत नाही.’ आमची तक्रार नेमकी तीच असल्याने सगळा बोळ हसला. विभागप्रमुखांना तर भिंतीला टेकावे लागले. बाप सगळ्यांकडे पाहून थोडासा हसला, त्याला वाटले आपले काही चुकले असेल. चष्म्या मात्र एकच धरून बसला आहे: ‘मी तुम्ही शिकवलंत तेच बोललो.’ खोटारडेपणालाही काही सीमा असते.

या कामी सर्वांनी हातभार लावला. खुद्द माझ्या नातीने त्याची प्रयोगवही सगळ्यांसमोर हौदात टाकली. तिच्यावर कोणी बोट दाखवलेले नव्हते, कोणी सांगितलेही नव्हते, आपणहून उठली. मला त्या दिवशी पोरीचा फार अभिमान वाटला. चष्म्याने वही सोडवून घेतली नाही. फक्त म्हणाला, ‘सातवा प्रयोग तेवढा काढून घे. मला ताप होता तेव्हा ती आकृती तू काढून दिली होतीस.’ तिने काढून घेतली नाही, अख्खी वही टाकली. (लेखणी का थांबली? पुढे लिही.)

८. आता अडचण अशी की त्याला कायमचे काढून टाकण्यासाठी उद्या सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे व आपण स्वतः हजर राहणार असल्याचे कळते. प्राचार्य हे भित्रे गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे, चष्मा पुसला हा पुरावा होत नाही. बंद खोलीत तोच बोलला हे ऐकलेला एक तरी साक्षीदार हवा. बाराजणांना विचारले तर बाराही ‘मी नाही’ म्हणतात. चष्म्या दोषी ठरला तर मात्र बिघाड एका पोरात होता, अभ्यासक्रमात नव्हता, असे म्हणता येईल, समिती पुन्हा येईल आणि बाकीच्या एकसष्ट जणांचे, त्यात माझ्या नातीचे, भले होईल. एकाच्या बदल्यात एकसष्ट. हा हिशेब प्राचार्यांनाही पटला. फक्त साक्षीदार हवा.

९. तो साक्षीदार मी आहे. आपला विश्वास बसणार नाही असे पहिल्याच ओळीत म्हटले ते याचसाठी. तपासणीच्या दिवशी मी त्या बैठकीच्या खोलीत होतो. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचे मधले दोन कप्पे काढून, गुडघे हनुवटीला लावून, सकाळी दहापासून साडेबारापर्यंत आत बसलो होतो. माझ्या कानाशी फायलींतली झुरळे फिरत होती, मी हूं की चूं केले नाही. एक झुरळ नाकात शिरले, ते मी श्वासाने परत बाहेर पाठवले. (नात म्हणते, ‘आजोबा, पुरे.’ पुरे काय? लिही.) पहिले दहाजण पोपटासारखे बोलले. मग तपासनीस बाईंनी अकराव्या खुर्चीकडे वळून विचारले. चष्म्या उभा राहिला, खुर्ची करकरली, त्याने घसा खाकरला आणि जाड, घोगऱ्या, बाप्याच्या आवाजात म्हणाला, ‘बाई, इथे सगळं नाटक आहे. मला वेगळं बक्षीस देणार असाल तर सांगतो.’ बाई म्हणाल्या, ‘देऊ, देऊ.’ मग त्याने तार सांगितली, घण सांगितला, हिरवा रंगसुद्धा सांगितला. तो आवाज मी हजारांत ओळखीन, उद्या अकरा वाजता डोळ्यांवर पट्टी बांधा, बाराजणांना एकेक शब्द बोलायला लावा, आणि मी

१०. (नात म्हणते, ‘आजोबा, तुम्ही कपाटात नव्हतात. यंत्रामागचा चहा गरम होता.’

आजोबा म्हणतात, ‘तू लिही गं, मधे बोलू नकोस.’

नात म्हणते, ‘लिहितेच आहे. तुम्ही कपाटात असतात तर माझा आवाज ओळखला असतात. त्या बाईंनी मला बक्षीसबिक्षीस काही देऊ केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, स्वतःच्या हातांनी केलेला एक तरी प्रयोग सांग. मला एकही आठवला नाही.’

आजोबा कागद ओढून घ्यायला हात पुढे करतात.

आजोबा म्हणतात, ‘हे खोड.’

खाडाखोड असलेला अर्ज परत येतो, म्हणून खोडलेले नाही.)

आपल्या वेळेबद्दल क्षमस्व,

अर्जदार: माजी प्रयोगशाळा सहायक
(सही नाही. पेन हातात दिले, ते त्यांनी खाली ठेवले.)

लिहून घेणार: सातवी खुर्ची
(सही केली आहे.)

दिनांक: सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता. अर्ज उद्या अकराच्या आत समक्ष आणून देत आहे.

सोबत:
१) मोतीबिंदूचा डॉक्टरांचा दाखला.
२) बारीक तार, सव्वादोन मीटर.
३) सातव्या प्रयोगाची आकृती, हौदातून काढून वाळवलेली.