साडेपस्तीस ग्रॅमचा लाडू

डोकमर्डी, सिल्वासा
रविवार

तीर्थस्वरूप दादांना जयवंतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते चिपळुणाहून सवडीने कळवावं. वर्षा आणि मी बरे आहोत. पुढचं सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता, म्हणून पत्र.

काल तुमच्या अदितीला बघायला नाशिकची मंडळी आमच्याकडे आली. मुलगा तुषार, इथे जवळच रांधा गावातल्या कारखान्यात इंजिनिअर. सोबत वडील योगेशराव आणि आई सुमनताई. तुमच्या सूचनेप्रमाणे मी रसायनशास्त्र काढायचं नाही असं ठरलं होतं. मी काढलं नाही. (वर्षा वेगळं सांगेल. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती.) झालं असं की योगेशरावांनी अदितीला राखोलीतल्या नोकरीबद्दल विचारलं. ती म्हणाली, कारखान्याच्या पाण्यातला क्लोरिन तपासते. त्यावर ते कौतुकाने म्हणाले, "क्लोरिन म्हणजे साडेपस्तीस. अकरावीतलं अजून पाठ आहे." आता एवढ्यावर कोणीही गप्प बसला असता. पण मी इतकी वर्षं शाळेत हेच शिकवत आलो आहे. मी एवढंच म्हणालो की साडेपस्तीस वजनाचा क्लोरिनचा अणू जगात एकही नाही.

"पुस्तकात छापलंय," योगेशराव म्हणाले. मी म्हणालो, छापलीय ती सरासरी. काही अणू पस्तीसचे, काही सदतीसचे. प्रोटॉन सगळ्यांत सतराच, म्हणून सगळे क्लोरिनच. दोन न्यूट्रॉन जास्तीचे पोटात घेऊन बसतो तो सदतीसचा. यांना समस्थानिक म्हणतात. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, एखादं उदाहरण द्यावं. (आता वाटतं, चहा द्यायला हवा होता.)

समोर वर्षाने केलेले बेसनाचे चार लाडू होते. वरच्या मजल्यावरच्या मनीषाबेन फरसाण करून विकतात, त्यांचा वजनकाटा मी मागून आणला. तीन लाडू थोडेथोडे मोडून पस्तीस-पस्तीस ग्रॅमचे केले, निघालेला चुरा चौथ्यावर थापून तो सदतीसचा केला. चारही काट्यावर ठेवले: एकशे बेचाळीस. भागिले चार, साडेपस्तीस. "यातला साडेपस्तीसचा कोणता?" मी विचारलं. काट्यामागोमाग खाली आलेल्या मनीषाबेन दारातून म्हणाल्या, "मास्तर, एके नथी," एकही नाही. वर्गात इतक्या लवकर कोणाला समजत नाही. योगेशराव मात्र म्हणाले, "मग चवीत फरक असणार." मी म्हणालो, नाही, रासायनिक गुण जवळजवळ सारखेच, तीच तर गंमत. त्यांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. पस्तीसचा खाल्ला, सदतीसचा खाल्ला, मग शंका राहिली म्हणून उरलेले दोन खाल्ले. "यांना साखर आहे," असं म्हणून सुमनताई उठून उभ्या राहिल्या.

दादा, पोर तुम्ही आमच्या भरवशावर इकडे ठेवलीत, आणि तिचं स्थळ मी वजनकाट्यावर घालवलं असं वाटलं. वर्षा माझ्याकडे बघतही नव्हती. तेवढ्यात तुषार म्हणाला, "काका, तीनास एक हे प्रमाण नेमकं नाही. शंभरात साधारण शहात्तर आणि चोवीस. अणूंची नेमकी वजनंही किंचित कमी, म्हणून सरासरी पस्तीस पूर्णांक पंचेचाळीस येते." अदिती म्हणाली, "मी काकाला हे कॉलेजात होते तेव्हापासून सांगतेय." दोघं एकमेकांकडे बघून हसली, गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाहीत. काय बोलत होती ते मी विचारलं नाही. माझ्याविषयी असावं.

माझ्याच घरात बसून मला आजवर कोणी दुरुस्त केलं नव्हतं. वाईट वाटलं. मुलगा चांगला आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा धाकटा,
जयवंत

ता. क. वर्षा म्हणते, मुख्य गोष्ट लिहायची राहिली. दोन्हीकडून होकार आहे. योगेशरावांची साखर आज सकाळी तपासली, बेताची आहे, असा त्यांच्याकडून निरोप आला.

ता. क. २ सुमनताईंची एकच अट आहे, की लग्नात मी कोणाला काही समजावून सांगायचं नाही. तरी तुम्ही त्यांना मोठेपणाने कळवावं की आपल्याकडे पंगतीआधी मुलीच्या काकाने चार शब्द बोलायची जुनी पद्धत आहे. नाशिकच्या माणसांना चिपळुणातलं काय ठाऊक. विषय मी हायड्रोजन घेणार आहे. सगळ्यात हलका तोच.

ता. क. ३ भाऊजी, अशी कुठलीही पद्धत नाही हे मी सुमनताईंना आजच फोन करून सांगितलं आहे. — वर्षा