खालून बघणारा देवमासा

मंगळवार, १२ तारीख

चि. ठकीस,

दादाचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत. तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र लिहितोय. पत्रात निदान तू मध्ये बोलत नाहीस.

परवा स्टँडवर तुझी वाट पाहिली. येते म्हणून कळवलं होतंस, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. बस आली, उतारू उतरले. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "आजोबा, गाडी रिकामी झाली." आई गेल्यावर मी तुला बोललो होतो ना, माझ्यावर पहारा ठेवायला येऊ नकोस म्हणून? ते तू मनात धरलं असशील. धर बापडी. माझी काही तक्रार नाही. दोघांचा स्वयंपाक केला होता, तो दुसऱ्या दिवशीही खाल्ला, एवढंच.

आता कामाचं सांगतो. संग्रहालयासाठी बनवत होतो तो देवमासा पूर्ण झाला. अख्ख्या दालनात मावेल न मावेल एवढं धूड आहे. आता त्याच्या पुढ्यात त्याचं जेवण टांगायचंय. जेवण काय, तर कोळंबीचे दूरचे भाऊबंद, तांदळाच्या दाण्याएवढे, लालसर. एवढा मोठा जीव आणि खातो काय, तर चिमूटभर! अर्थात अशा चिमटी तो दिवसभर गिळतो म्हणा. आम्ही ते शेंगदाण्याएवढे केलेत, नाहीतर लोकांना दिसायचेच नाहीत. दोऱ्यांना बांधून, रंगवून, ढगासारखे टांगायचे.

रंगवून झाल्यावर दालनाच्या बाई बघायला आल्या. त्यांचा अभ्यास देवमाशांचाच, मी त्यांना देवमासेबाई म्हणतो. एकेक दोरा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "काका, यातले अर्धे लाल आहेत आणि अर्धे तपकिरी."

कुणीतरी माझे डबे हलवले असणार. मी फळीवर प्रत्येक डब्याची जागा ठरवून ठेवलेली असते आणि लोकांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. मी चांगलाच भडकलो. बाई हसून म्हणाल्या, "माणसांना नाही चालणार, पण देवमाशाला चालतील. त्याला कुठे रंग कळतात?" मीही हसलो. सगळे पुन्हा रंगवायचेत.

पेन संपलंय म्हणून हे जाड मार्करने लिहितोय. सांभाळून घे.

तुझा,
दादा


सोमवार, १८ तारीख

ती. दादास,

नमस्कार. गुडघ्यांची चौकशी केल्याबद्दल आभार. त्याच गुडघ्यांवर मी चार तास बसमधून आले होते.

हो, आले होते! खोटं वाटतं? सगळ्यात आधी उतरले आणि भिंतीला टेकून उभी राहिले, पाय अवघडले होते म्हणून. माझी राखाडी शाल, मागे ती स्टँडची राखाडी भिंत. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. त्याचं एक बटण चुकलं होतं. मी हात केला. तू माझ्या समोर आलास, हातभर अंतरावर थांबलास, थेट माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि पुढे गेलास. पुन्हा आलास, पुन्हा बघितलंस, पुन्हा गेलास. हाक अगदी ओठांवर आली होती. पण तू असं कोरं बघितलंस की ती मी गिळून टाकली. परतीची गाडी समोर उभी होती, तीत जाऊन बसले. रस्ताभर रडले. शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा देऊ केली, एवढी रडले.

घरी येऊन तुला शिव्या घालणारं पत्र लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात तुझं आलं. ते चारदा वाचलं, कारण एका वाचनात लागलंच नाही. एक ओळ दुसरीवर चढलीय, शेवटचे शब्द कागदाबाहेर गेलेत. दादा, तू माझ्या लाकडी बाहुलीला एकेक पापणी रंगवून दिली होतीस. त्या बाहुलीवरून तर मी ठकी झाले. तुझे डबे कुणी हलवत नाही रे. तुझ्या डब्यांना हात लावायची कुणाची छाती आहे?

काय झालंय, ते सांग. राग असेल तर राग म्हण. राग असेल तर बरं, असं आता वाटायला लागलंय.

ठकी


रविवार, २४ तारीख

ठके,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांगतो, की मी तुला बघितलं नाही. बघितलं असतं तर फलाटावरच मिठी मारली असती आणि मग भांडलो असतो.

डोळे गेले नाहीत. मधोमध गेलेत. कडेचं दिसतं. दार, खिडकी, कोपऱ्यातलं मांजर, सगळं दिसतं. पण ज्याच्याकडे नीट बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. तुझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, म्हणूनच तू दिसली नाहीस. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं. वर्ष होत आलं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी बॅग भरून आली असतीस, आणि मला तर सगळ्यांना दाखवायचं होतं की माझं एकट्याचं छान चाललंय. डबे मीच चुकवले. लाल आणि तपकिरी आता मला एकच. दोन्ही चिखल.

तुझं पत्र मी बाईंकडून वाचून घेतलं. रागावू नकोस, दुसरा इलाज नव्हता. वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या, नाक पुसलं, आणि म्हणाल्या, "काका, चला, तुम्हाला एक दाखवते." मी म्हटलं, मला काय दाखवताय, कपाळ! त्यांनी मला दालनात नेलं आणि चक्क जमिनीवर उताणं झोपायला लावलं, त्या टांगलेल्या ढगाच्या बरोब्बर खाली. सगळे दिवे घालवले आणि छताचा निळा उजेड तेवढा ठेवला. मग म्हणाल्या, "थेट बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा." तशी ठेवली.

ठके, मला ते दिसले! निळ्या उजेडात काळे काळे ठिपके, दाट, थव्याने. लाल आणि तपकिरी सगळे सारखेच काळे. वर्षभरात इतकं स्पष्ट मला काही दिसलं नव्हतं.

बाई माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून सांगत होत्या. समुद्रात खोल निळाच उजेड पोचतो आणि हे लाल जीव तो निळा पिऊन टाकतात. समोरून शोधले तर पाण्यात हरवतात. पण देवमासा खाली जातो आणि वर बघतो. वरून उजेड येत असतो, त्यात जेवणाची काळी सावली पडते, तिकडे तो तोंड उघडतो. निदान त्यांच्यासारख्या अभ्यासकांचा तसा कयास आहे. समुद्रात जाऊन त्याला विचारणार कोण? रंग कळत नाहीत म्हणून तो काही उपाशी राहत नाही, एवढं मात्र नक्की.

मी पडल्या पडल्या रडलो. त्यांनी बघितलं आणि छताकडे बघत बसल्या. भली बाई आहे.

तेव्हापासून मी घर बदललंय. फळीवर पांढरा कागद अंथरला, त्यावर गडद कप ठेवले. दूध मात्र काळ्या भांड्यात ओततो, म्हणजे किती भरलं ते कळतं. ते ठिपके उतरवून बाईंच्या मदतनीस मुलींनी पुन्हा रंगवले, मी दोरे पुन्हा बांधले. बोटांना अजून सगळं दिसतं. पण रस्ता ओलांडताना भीती वाटते, ठके. औषधाच्या बाटल्या सारख्या वाटतात. मला एकट्याला आता नाही जमत. हे वाक्य लिहायला वर्ष लागलं.

तू ये. पहारा ठेवायला ये. मी पुन्हा तोंड वर करून काही बोललो तर मार्कर फेकून मार.

फक्त त्या भिंतीला टेकू नकोस. स्टँडच्या पश्चिमेला मोठं दार आहे, संध्याकाळच्या गाडीच्या वेळी त्यातून ऊन आत येतं. त्या दारात उजेडाकडे पाठ करून उभी राहा. शाल काढून हातावर घे आणि एक हात कमरेवर ठेव, लहानपणी माझी तक्रार आईकडे नेताना ठेवायचीस तसा. रागात असलीस तर हात आपोआप तिथे जाईलच. मी समोरून येईन आणि तुझ्याकडे बघणार नाही, जरा बाजूला बघेन. त्याचा राग मानू नकोस. तेव्हाच तू मला दिसत असशील.

शर्टाची बटणं तू येऊन लाव.

तुझा,
दादा