गोड लागतं ते औषध नव्हे

४ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात लेकीच्या नव्या चष्म्याच्या दुकानाचं कौतुक पानभर, रंगांच्या भावावर पानभर, आणि पाय दुखतात हे शेवटी समासात, मुंगीच्या अक्षरात. समासात लिहिल्याने दुखणं लहान होत नाही, दादा. वहिनीने खरं काय ते कळवलंय. तू बदकासारखा डुलत चालतोस आणि जिना उतरताना कठडा सोडत नाहीस. एका डॉक्टरने गादी बदलायला सांगितली, दुसऱ्याने चपला, तिसऱ्याने तुझ्या वयावर खापर फोडलं. आणि तू अजून शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवतोस!

लेकीची पाटी खाली बसून लाकडावर रंगव. वर लावायला माणसं मिळतात. माझीही कंबर गेलं वर्षभर धरलेली आहे, पण मी शिडीवर चढत नाही. तुझी पत्रं वाचली की छातीत जळजळायला लागतं. आत्ताही पुदिन्याची गोळी चघळतच लिहितेय.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ ठेव, शिडीवर नको.

तुझी,
ठमी

१२ मार्च

चि. सौ. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे बिनपाण्याची हजामत. लाकडावर रंगवली तर ती नुसती पाटी होते. दुकानाच्या कपाळावर रंगवली की दुकानाला चेहरा येतो. लेकीला मी शब्द दिलाय आणि तो वरच लिहिणार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. औषधं कोणती चालू आहेत, असं तिन्ही डॉक्टरांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, एकही नाही. टर्पेंटाइनच्या वासाने पित्त उसळतं एवढंच. त्यावर ती पांढरी बाटली शिडीला टांगलेली असते, लागेल तसे घोट घेतो. दुधासारखी असते, हाडांनाही चांगलीच असणार.

मेहुण्यांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
दादा

३० मार्च

सौ. वन्संना स. न. वि. वि.

घाबरू नका, हे शिडीवरून पडले नाहीत. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर नुसतं पाऊल टेकवलं आणि पायाचं हाड तडकलं. डॉक्टर चक्रावले. रक्त तपासलं तर फॉस्फरस तळाला गेलेला. पुन्हा औषधांचं विचारलं, पुन्हा ह्यांचं तेच, एकही नाही. तेवढ्यात ह्यांनी रुमाल ओढला आणि खिशातली ती बाटली डॉक्टरांच्या टेबलाखाली घरंगळली.

त्या औषधात ॲल्युमिनियम असतं म्हणे. ते जेवणातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवतं आणि बाहेर काढतं. कधीतरी घेतलं तर बिघडत नाही, पण हे वर्षानुवर्षं पाण्यासारखं पीत आलेत, म्हणून हाडं मऊ पडली. मग आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं.

हे म्हणाले, “ते औषध कुठे आहे? गोड लागतं.”

कडू लागेल तेच औषध, हे तुमच्या बाबांचं वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. तुम्ही दोघं भावंडं त्यावरच वाढलात, आता काय बोलणार! डॉक्टरांनी धीर दिलाय. मूत्रपिंडं चांगली आहेत, बाटली सुटली की हाडं पुन्हा भरतील, पित्ताचा बंदोबस्त वेगळा करू म्हणाले. शिडी मी गच्चीवर चढवलीय. ती उतरवायला आता शिडी लागेल.

तुमचा आधार वाटतो, तो राहू द्या.

तुमची,
वहिनी

५ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

आज तब्येत विचारणार नाही. गावभरच्या पाट्यांमधल्या चुका तुला रस्त्याच्या पलीकडून दिसतात, आणि हातातल्या बाटलीवरचं लेबल इतक्या वर्षांत एकदा वाचता आलं नाही? तीन शहाणे डॉक्टर तुझ्या पायांवर डोकं फोडत होते आणि तू ताठ मानेने बसला होतास! डोक्यावर हात मारून मारून माझा हात दुखायला लागलाय.

वहिनीचं पत्र वाचताना मला रडू आलं. बाबांनंतर मला ठमी म्हणणारा तू एकटाच उरलायस. लवकर बरा हो, म्हणजे मला धड भांडता येईल.

तुझी,
ठमी

१८ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

आता काठीशिवाय चालतो, डुलत नाही. लेकीचं दुकान सुरू झालं. पाटी मी स्टुलावर बसून दाराशेजारच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला रंगवली. लेक म्हणते बरंच झालं, चष्मा लागलेल्यांना वरचं दिसतं कुठे? माझा हट्ट असा कमरेपर्यंत आला.

प्लास्टरमध्ये असताना वेळ जात नव्हता, म्हणून तुझी जुनी पत्रं काढली. जवळपास प्रत्येक पत्रात पुदिन्याची गोळी आहे. गेल्या वर्षापासून कंबरही आहे. ठमे, माझ्यावर ओरडून झालं असेल तर गोळ्यांच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाच आणि उलट टपाली कळव.

दादा

२६ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वाचलं. तेच आहे.

गेल्या महिन्यात कमरेसाठी डॉक्टरांकडे गेले होते. औषधं कोणती घेता, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी एकही नाही म्हणाले. तुझा सगळा प्रकार माहीत असून म्हणाले, दादा. गोळी तेव्हा तोंडातच होती.

उद्या पट्टी घेऊन पुन्हा जाते. आता चिडायची पाळी तुझी. चांगलं चार पानं चीड, आणि समासात लिहू नकोस.

तुझी,
ठमी