साडूचा गुडघा

४ ऑक्टोबर
सासऱ्यांच्या हॉलमध्ये खिळा ठोकून आलो. टीव्हीच्या वर, बरोबर मध्यावर. शिखरावरचा माझा फोटो तिथे लागणार. फ्रेमसुद्धा घेतली आहे. सध्या आत दुकानातलंच हसरं बाळ आहे. सासरे म्हणाले की आधी जाऊन तर या, बाजारात तुरी आणि तुमचं आपलं भलतंच. मी म्हटलं, बाबा, याला प्लॅनिंग म्हणतात.

सोबत साडू येतोय. धाकटा जावई. चष्म्याचं दुकान आहे, स्वभावाने गरीब. दोन वर्षं एकही दिवस दुकान बंद न ठेवता या सुट्टीची तजवीज केली म्हणे. शाळेत असल्यापासून त्याला एकदा त्या शिखरावर उभं राहायचंय. उजव्या गुडघ्याला नी-कॅप लावतो आणि निघालाय डोंगर चढायला! ही म्हणाली, त्याला सांभाळून आणा. आणीन की. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहितो, घटना: निरंक. इथेही रोज लिहीन. सवय सुटता कामा नये.

जिने चढायचा सराव उद्यापासून.

७ ऑक्टोबर
जिने राहिले. लिफ्ट दार उघडून समोर उभी होती, तिचा अपमान कशाला?
घटना: निरंक.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
पायथ्याचा लॉज. दोन खाटा, एक खिडकी, नळाच्या पाण्याने दात आंबतात. तुकडी लहान: मी, साडू आणि दोन निवृत्त शिक्षिका, सख्ख्या बहिणी. गाईड बुटका, काटकुळा. दर वाक्याला 'सावकाश' म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच सावकाश ठेवलं. शिक्षिका हसल्या. साडू हसला नाही. भाड्याच्या दुकानातून सगळ्यांना सारखीच केशरी जाकिटं मिळाली. टोपी ओढली की कोण कुठला, पत्ता लागत नाही.

सावकाशने नियम सांगितले. रोज मुक्कामाला तो जमिनीवर एक दोरी टाकणार. तिच्यावरून टाचेला अंगठा लावत सरळ चालून दाखवायचं. उंचीवर मेंदूला सूज आली की आधी तोल जातो म्हणे. ज्याला चालता येणार नाही तो खाली, आणि एकटा नाही, त्याच्या तंबूतला जोडीदारही त्याच्याबरोबर. म्हणजे साडूचा गुडघा लटपटला की माझा फोटो गेला! हे आधी सांगितलं असतं तर मी वेगळा तंबू मागितला असता.
घटना: निरंक.

१० ऑक्टोबर
सगळ्यांच्या आधी मुक्कामाला पोचलो. सावकाश मागून ओरडत होता. ओरडू दे. डोकं थोडं धरलंय, पण ते पाणचट चहामुळे.

वाटेत एका खिंडीत दगडांचे ढीग लागले. त्यांवर पत्र्याच्या पाट्या, पाट्यांवर नावं. वाटेच्या कामाचे देणगीदार असावेत. प्रत्येक नावाखाली दोन दोन तारखा. हप्त्याने दिली असेल देणगी. शिक्षिका तिथे उगाच गप्प उभ्या राहिल्या. साडू चष्मा काढून पुसत बसला. अशाने वेळ जातो.

दोरीवर पास. शेवटच्या दोन पावलांना बूट नडला. सावकाशने बुटाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
घटना: निरंक.

११ ऑक्टोबर
साडूच्या घोरण्याने झोप नाही. तो म्हणतो की तो रात्रभर जागाच होता. उलट माझाच श्वास झोपेत मध्येच थांबतो आणि मग दचकल्यासारखा सुरू होतो, असं त्याचं म्हणणं. हे गाढ झोपेचं लक्षण आहे. चष्मेवाल्याला काय कळतंय.

दुपारी वरून एक तुकडी उतरली. चौघांनी मिळून ताडपत्रीत गुंडाळलेलं लांबट सामान धरलं होतं. दोरांनी घट्ट बांधलेलं. सावकाश वाटेतून बाजूला झाला आणि त्याने टोपी काढली. सामानाला एवढा मान! शिस्त शिकावी तर या लोकांकडून. कारखान्यात आमची माणसं खोकी फेकतात. त्या चौघांपैकी कुणीच आमच्याकडे बघितलं नाही. उद्धटपणा, दुसरं काय.

सूप पोटात राहिलं नाही. शिळं होतं. शिक्षिकांनी तेच दोनदा मागून घेतलं, त्यांचं त्या जाणोत.

संध्याकाळी दोरी. तिसऱ्या पावलाला मी बाजूला. नाचता येईना अंगण वाकडे असं लोक म्हणणार, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. सावकाशला तसं सांगितलं, अधिकाराने सांगितलं. त्याने दोरी उचलून एका सपाट कातळावर टाकली. कातळही वाकडा. शेवटी दात-ओठ खाऊन एकदा दोरी पार केली. सावकाशने दोरी गुंडाळली. मग म्हणाला की उद्याची दोरी तो स्वतः जवळ उभा राहून बघणार.

साडूने आज डोकेदुखीची गोळी मला दिली. स्वतःचं दुखत असणार, बिचारा लाजतो.
घटना: निरंक.

१२ ऑक्टोबर
साडूची मला काळजी वाटते. चालताना सारखा डोलतो. मी दोनदा त्याच्या अंगावर पडलो, इतका डोलतो. पण त्याचं गुपित मी फोडणार नाही.

त्याला दोरीच्या सरावाची गरज आहे हे मी ओळखलं. म्हणून आज दोनदा चालायला लावलं. एकदा त्याच्या नावाने. मग तंबूमागून फिरून, चष्मा खिशात घालून, टोपी नाकापर्यंत ओढून एकदा माझ्या नावाने. धुकं दाट होतं. स्टोव्ह भडकला म्हणून सावकाश अर्धा तिकडे. जवळून बघणार होता ना!

साडू आधी तयार नव्हता. चक्क हात जोडले त्याने. म्हणाला की दादा, आपण दोघं खाली जाऊ, शिखर काही पळून जात नाही. मी विचारलं, थोरला जावई कोण? आणि मी खाली गेलो की तूही खाली, मग तुझी दोन वर्षं पाण्यात, ते चालेल का? गेला मुकाट्याने. दोन्ही वेळा सरळ चालला, एक पाऊल चुकलं नाही. माझ्या शिकवण्याचा गुण. परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. धुकं झोंबतं कुणाकुणाला.
घटना: निरंक.

१३ ऑक्टोबर
शेवटचा तळ. उद्या पहाटे शिखर. हवा स्वच्छ. वरचा बर्फ इतका जवळ दिसतो की हात लावावा.

बुटाच्या नाड्या बांधायला फार वेळ लागला, नाड्या एका जागी राहत नव्हत्या. हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे निघाले. भाड्याच्या सामानात हे असंच.

साडूचं काही खरं नाही. दर थोड्या वेळाने मला विचारतो की तो कोण आहे, आपण कुठे आहोत. मी शांतपणे सांगितलं की तू स्टोअरकीपर, आपण दोन नंबर गेटपाशी. बरोबर उत्तर दिलं तरी त्याचा चेहरा पांढरा पडला.

सावकाशला सांगावं का? नको. माणसाची इज्जत असते. उद्या वर गेला की होईल बरा.

घंटा वाजतेय कुठेतरी. शिफ्ट सुटली.
घटना: निरंक.

१३ ऑक्टोबर
शेवटचा तळ. उद्या शिखर. हे लिहिलं होतं का?

सासरे येऊन गेले. तंबूच्या दाराशी उभे, हातात हातोडी. खिळा हलतोय म्हणाले. आत या म्हटलं तर येईनात. त्यांच्यामागे ते चौघं उभे होते, सामान खाली ठेवून. ताडपत्री रिकामी होती. कुणाचं सामान ते विचारलं.

साडू डोलतो. तंबू डोलतो. सावकाश तेवढा डोलत नाही. माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बसलाय. साडू त्याला सांगतोय काहीतरी. जाकिटाचं, दोरीचं. रडत रडत. चुगलखोर

पेन जड आहे
निरं

१७ ऑक्टोबर
खालच्या गावातलं छोटं हॉस्पिटल. खिडकीत लोखंडी जाळी, खाली कुणीतरी सायकल दुरुस्त करतंय. अक्षर वाकडं, पण लिहिता येतंय.

मधलं मला काही आठवत नाही. कळलं ते असं. सावकाशने मला पाठुंगळी मारून उतरवलं. अरुंद वाटेवर साडू मागून माझे दोन्ही पाय धरून होता. मी वाटभर त्याला शिव्या देत होतो आणि कारखान्यातून काढून टाकीन म्हणत होतो. शिक्षिका तळावरच्या दुसऱ्या तुकडीच्या गाईडबरोबर शिखरावर पोचल्या. त्यांनी तिथला फोटो पाठवला. साडूने तो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग फोन पालथा ठेवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी एक सकाळ वर काढली असती तर मला खाली आणायला चार माणसं लागली असती. का चार, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. पाट्यांवरच्या दोन तारखांचंही आत्ताच कळलं. भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. तोंडावर पांघरूण घेतलं.

तोल परत यायला वेळ लागेल म्हणाल्या. रोज एखाद्या सरळ रेषेवर चालून बघा.

संध्याकाळी साडूने घरी फोन लावला, माझ्यासमोरच. माझ्या गुडघ्याने दगा दिला, म्हणाला. माझ्यापायी दादांना शेवटच्या तळावरून परत फिरावं लागलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाला की तुमच्या नावाने दोरीवर मी चाललो, मला 'नाही' म्हणता आलं असतं. माझ्याही मनात शिखर होतंच. तेव्हा हे असंच राहू द्या.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. थोडं थांबून म्हणायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार
सासऱ्यांकडे जेवण. खिळ्याला त्यांनी बाजाराची पिशवी अडकवली आहे. सोयीचा झाला म्हणाले, हाताशी येतो.

जेवताना सगळ्यांनी मिळून साडूची पार फिरकी घेतली. सासरे म्हणाले की पुढच्या वेळी गुडघा घरी ठेवून जा. मेहुणी त्याला रोज तेल चोळून देते आणि चोळता चोळता बोलते की झेपत नव्हतं तर गेलात कशाला, भाऊजींचं नुकसान केलंत. ही माझ्या पानात वाढत म्हणाली, यांनी मन किती मोठं केलं बघा, एका शब्दाने बोलले नाहीत. साडू मान खाली घालून जेवत होता.

पाणी आणायला उठला तेव्हा लंगडत गेला. डाव्या पायाने. मी पटकन मागे जाऊन त्याच्या कानात सांगितलं, उजवा. येताना उजव्या पायाने लंगडला. मला थँक्यू म्हणाला.

लाज वाटली. खरंच वाटली. सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर सासऱ्यांनी विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, मीठ.

जेवण झाल्यावर बाथरूममध्ये गेलो, कडी लावली. फरशांमधली एक फट भिंतीपासून थेट दारापर्यंत जाते. टाचेला अंगठा लावला. एक, दोन, आणि तिसऱ्याला बादली आडवी. बाहेरून साडूने हळूच दार वाजवून विचारलं, दादा, पडलात का? म्हटलं, नाही रे, बादली पडली. तो लगेच गेला नाही. दाराखालच्या फटीत त्याची पावलं बराच वेळ दिसत होती.

फरशी वाकडी बसवली आहे. सासऱ्यांना एकदा सांगायला हवं.

घटना: निरंक.