उतरवावीशी वाटू नये अशी पिशवी

उमसईद, कतार
डिसेंबर १९८३

श्री. शहाजीराव पाहुणे यांस,

तुमच्या दाजीचा, म्हणजे धोंडीरामचा, समुद्रापलीकडून रामराम. माझी तब्येत उत्तम आहे, तुमचीही तशीच असावी. मानेची मात्र वेगळी चौकशी करतो, कारण मागच्या पत्रात तुम्ही एक ओळ ख्यालीखुशालीची आणि दीड पान मानेचं लिहिलं होतं. गड चढताना कॅमेऱ्याचा पट्टा मानेला कापतो, लेन्स खिशात खुळखुळतात, आणि गडावर भेटलेल्या कोणा गोऱ्या पाहुण्याच्या पाठीवर कॅमेऱ्याची खास पिशवी होती, तसली दाजींनी आणावी, हे सगळं समजलं. (कराडात फोटो स्टुडिओ थाटून माणूस स्टुडिओत कमी आणि गडावर जास्त असतो, ही तुमच्या वडिलांची तक्रारही समजली. ती त्यांनी वेगळ्या पाकिटातून पाठवली.)

आधी वाईट बातमी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. माझी रजा पुढं गेली. कारखान्यात शटडाऊन, म्हणजे यंत्रं बंद ठेवून मोठी दुरुस्ती, निघालाय, आणि आम्ही रिगर लोकांनी क्रेनला ओझं बांधून दिल्याशिवाय तिथं पाइप जागचा हलत नाही, म्हणून आमच्या रजा उन्हाळ्यावर ढकलल्या. मधुचं जावळ तर माघात. माझ्या आईनं, फुलाबाईंनी, डोंगरावरच्या देवाला शब्द दिलाय की नातवाचे केस वर्षाच्या आत तुझ्या दारात उतरवीन. आता प्रत्यक्ष देव आला आणि उन्हाळ्यापर्यंत थांबतो म्हणाला तरी ती ऐकायची नाही. म्हणजे पोराचं जावळ बाप नसताना होणार. पोर जन्मलं तेव्हाही बाप इथंच होता, तेव्हा त्याला त्यात नवीन काही वाटणार नाही. मला मात्र वाटतं, आणि फार वाटतं. मला ते जावळ फोटोतच बघायचंय, फोटो तुम्ही काढणार, तेव्हा कॅमेरा डोंगरावर सुखरूप पोचला पाहिजे. पिशवीचं मी एवढं मनावर का घेतलं ते ध्यानात आलं असेल.

आता कॅमेऱ्याला मुख्य धोका कशाचा, तर तुमचा. रागावू नका. हातातली वस्तू जिथं फोटो दिसेल तिथं खाली ठेवायची आणि पुढं चालू लागायचं, ही तुमची जुनी रीत. आमच्याच लग्नात करवलीचा फोटो घ्यायला तुम्ही मानाचा नारळ कुठंतरी टेकवलात, तो चौथ्या दिवशी गव्हाच्या कणगीत सापडला. गडावर डबा माकडांना, छत्री देवळाला, आणि एकदा तर चपला खडकावर ठेवून तुम्ही अनवाणी एसटीत बसलात. (कंडक्टरनं विचारल्यावर तुम्हाला कळलं, असं तुमची आक्का सांगते.) म्हणून मी ठरवलं की पिशवी मजबूत पाहिजे, ऐसपैस पाहिजे, हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे ती अशी पाहिजे की पाठीवरून उतरवावीशीच वाटू नये. जी खुपते ती माणूस उतरवतो.

गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस दोहाला जाते, तिनं मुशैरिबच्या बाजारात उतरलो. काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात मेसमधला तांदूळ. आमच्या कामात नवी सिलिंग, म्हणजे ओझं उचलायचा पट्टा, आली की आधी तिला वजन लावून बघतात, टेस्ट लोड म्हणतात त्याला, आणि मगच ती कामाला घेतात. तोच नियम इथं. पहिल्या दुकानात पत्र्याची चकचकीत पेटी दाखवली. ती पाठीवर कशी घ्यायची विचारलं, तर दुकानदार म्हणाला, हिच्यावर बसायचं असतं. दुसऱ्याकडच्या पिशवीला एकच पट्टा. ती खांद्याला लावली आणि मी दुकानात उजवीकडे कललो तो बाहेर येईपर्यंत कललेलाच. तिसरं दुकान एका मलबारी गृहस्थाचं. त्यानं सभ्यपणे विचारलं, कॅमेरा कुठला. म्हटलं, कॅमेरा नाही. लेन्स किती? म्हटलं, लेन्स नाही, तांदूळ आहे. त्यानं अभ्रा चाचपून बघितला आणि म्हणाला, तांदूळ आम्ही घेत नाही.

पण माणूस भला. त्यानं आतून एक निळी पिशवी काढली. दोन रुंद पट्टे, पट्ट्यांत स्पंज, कमरेला आणखी एक पट्टा, आत स्पंजचेच कप्पे, हवे तर काढावे नको तर ठेवावे. कप्पे काढले, अभ्रा आत बसवला, पिशवी पाठीवर घेतली आणि विचारून जरा रस्त्यावर फेरी मारायला निघालो. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो तोवर मगरिबची बांग झाली. मलबारी नमाजाला गेला, दुकानाला कुलूप. आता मी बाहेर, आणि बिनपैशाची पिशवी माझ्या पाठीवर. पुढं जावं तर चोर ठरतो, आणि आत जाता येत नाही. दुकानाच्या पायरीपाशी गपगुमान उभा राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघून हसलो, शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर अरबीतलं हवामान ऐकलं (काही कळलं नाही, पण पाऊस नसावा). मलबारी परत आला आणि म्हणाला, पिशवी कुठाय? पायरीवर बघितलं, खांबामागं बघितलं, शेजारच्या दुकानात विचारून आलो. शेवटी त्यानंच मला खांद्याला धरून आरशापुढं उभं केलं. तांदळासकट पाठीवर असून मी ती विसरलो होतो. म्हटलं, खलास, हीच द्या.

चाचणी एवढ्यावर थांबवली तर मी रिगर कसला. आमच्या क्वार्टरांच्या दक्षिणेला वाळूचे डोंगर आहेत, आपल्या डोंगराइतके उंच नाहीत पण पाय मागं घसरतो, त्यामुळं चढ दुप्पट वाटतो. दर शुक्रवारी मी पिशवी घेऊन तिकडं, आणि मागं जाफर. (जाफर म्हणजे माझा खोलीतला सोबती, रत्नागिरीचा, इलेक्ट्रिशियन. पिशवी डावीउजवीकडं हेलकावते का ते बघायचं काम त्याचं. ते तो बसून करायचा.) पहिल्या शुक्रवारी उतरताना मी बसलो, बसल्याबसल्या पायथ्यापर्यंत गेलो आणि अभ्र्याची शिवण उसवली. तांदूळ वाळूतून वेचून, चाळून, धुऊन परत मेसमध्ये दिला. त्या आठवड्यात खिचडी करकर वाजत होती, आणि खोलीत माझ्याशी फक्त जाफर बोलत होता, तोही जेवून झाल्यावर. मग दुसरा अभ्रा, दुहेरी शिवण. ओझं पाठीला चिकटून आणि खांद्यालगत असलं की चढताना मागं ओढत नाही, कमरेचा पट्टा आवळला की खांदे मोकळे राहतात, हे सगळं करून बघितलं. पिशवीत हवा खेळते का बघायला मेसची मांजर आत बसवली, तोंड उघडं ठेवून. ती झोपली, आणि उठवली तेव्हा तिला राग आला. जाफर म्हणाला, अरे धोंडू, कॅमेऱ्याला श्वास कशाला लागतो? मी म्हटलं, हवा नसली की लेन्सला बुरशी येते, आमच्या पाहुण्यांनी लिहिलंय. त्याला ते पटलं.

तर पिशवी तयार आहे. जाफरला रजा मिळालीय, तो मुंबईला उतरून वाट वाकडी करून कराडला येईल आणि हे पत्र व पिशवी तुमच्या हातात देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका, आणि खिचडी करू नका. वडिलांना नमस्कार. स्टुडिओतही अधूनमधून जात जा.

तुमचाच,
धोंडीराम दाजी

ता. क. जावळाच्या दिवशी कॅमेरा या पिशवीत ठेवायचा नाही. तो नेहमीसारखा गळ्यात अडकवा. मान दुखेल, तर एक दिवस दुखू द्या. पिशवीत मधु बसेल. आईचे गुडघे गेलेत, तुमच्या आक्काच्या हातात नैवेद्याचं सामान असणार, आणि जावळाला मांडी मामाची लागते तशी डोंगर चढायला पाठही मामाचीच लागणार. आतले कप्पे काढलेत, बुडाला स्पंज दुहेरी केलाय, काळजी करू नका. झाकण मात्र लावायचं नाही, त्याचं डोकं बाहेर राहू द्या. जावळ झाल्यावर पिशवी तुमची.

ता. क. दुसरा. केस उतरवताना तो तुमच्या मांडीवर असेल, म्हणजे कॅमेरा तुमच्या हातात नसणार. तेव्हा बटण कुठलं ते आक्काला आधी दाखवून ठेवा. फोटो हललेला आला तरी पाठवा.

ता. क. तिसरा, आणि हा आक्काला वाचून दाखवू नका, ती रडेल. बोलणं भरून पाठवलेल्या मागच्या कॅसेटमध्ये तिनं सांगितलं होतं की मधुला वाण्याच्या काट्यावर बसवला, साडेआठ किलो भरला, आणि उतरवला तेव्हा रडला. रडणं कॅसेटवर ऐकू येतं. तांदूळ तेवढाच घेतला होता मी. इतके शुक्रवार तो पाठीवर घेऊन हिंडलो, त्यामुळं पोर मी अजून बघितलं नसलं तरी ते किती जड आहे हे मला माहीत आहे. परवा पिशवी जाफरच्या सामानात बांधली आणि रात्री पाठ मोकळीमोकळी वाटली, झोप आली नाही. त्याला मला उचलायचंय, शहाजीराव. उन्हाळ्यात येईन तोवर तुम्ही उचला, आणि वाटेत कितीही चांगला फोटो दिसला तरी त्याला कुठं खाली ठेवू नका.