उकिरड्यातले गिलास

वैशाख, १९९२. दिवेलागण. मी सांगायलीय, नात कमल लिहायलीय.

आज उकिरडा उकरला, शेणखत रानात न्यायचं होतं. वरची चार टोपली निघाली अन् खाली प्लास्टिकचे गिलासच गिलास. कमलच्या लग्नातले, दोन वर्साखालचे. तवा मी पळसाचे द्रोण लावून ठेवले होते. कमलच म्हणाली होती, "नको आज्जे, पाव्हणे हासतील." द्रोण चुलीत गेले. मठ्ठा पिऊन लोकांनी गिलास फेकले, उरलेली बुंदी बी त्यांच्यावरच. बुंदीची माती झाली. गिलासाचा काठ बी चिरला न्हाई.

माझी मेली जीभ गप बसती का? म्हणलं, "कमले, तुजं लगीन साल टिकलं न्हाई, गिलास बघ." नवऱ्यानं तिला आणून सोडलेलं साऱ्या पेडगावाला ठावं हाय. म्या कशाला बोलायचं? हसली न्हाई ती. उन्हात बसून एकेक गिलास येचायला लागली. टोपलं भरलं, ढीग तसाच. माझा लेक म्हणाला, "किती येचशील कमल? जाऊ दे तसंच." गिलासासकट खत बैलगाडी भरून गेलं बी. काळ्या रानात ते कधी कुजायचे? मी काय बघायची न्हाई. कमल बी न्हाई.

सांजच्याला पाणी मागितलं, तर त्यातलाच एक गिलास घासून, भरून तिनं माझ्या म्होरं धरला. "घे आज्जे. आता हासायला पाव्हणे न्हाईत."

प्याले. काय करणार?