एक कुलूप राहिलं होतं

कल्याण, ता. ९ जानेवारी १८९६

फिरलं! आंबिवलीहून बायजा सुईण आली होती. पोट चाचपून म्हणाली, "कशाला रडतंस गो बाय? डोका खाली हाय. आडवा नाय आता."

मी रडत नव्हते, हसत होते. तिला ते कळलं नाही. पायलीभर तांदूळ घेऊन गेली.

गेल्या खेपेचं मूल आडवं होतं. शेवटपर्यंत आडवंच.

ता. १४ जानेवारी

सासूबाई कीर्तनाला गेल्या आहेत, तेवढ्यात लिहून घेते. बायको लिहायला लागली की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या शपथेवर सांगतात. स्वारी तर ठणठणीत आहे! स्टेशनावर तारमास्तर, दोन वेळा पोटभर जेवून तिसऱ्या वेळी पोहे मागणारे.

ही वही ठेवते ती शिसवी पेटी आप्पांची, माझ्या वडिलांची. ते आंबिवलीच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की मला ओसरीवर बसवायचे, धुळपाटीवर बोट धरून गिरवून घ्यायचे. आई आतून ओरडायची, "पोरीला कुठे मामलेदार करायचंय का?" आणि स्वतःच दाराआडून बघत राहायची. काळू नदीच्या काठची ती बारीक माती अजून बोटांना आठवते. दोघंही गेली. आता आंबिवलीला माझं म्हणावं असं कुणी नाही, बायजा सोडली तर. आईच्या बाळंतपणात तिनेच मला काढली.

लग्नात आप्पांनी ही पेटी दिली. म्हणाले, "किल्ली कुणाला देऊ नकोस हो." मी दिली नाही.

पावलं वाजली. कुलूप लावते.

ता. २१ जानेवारी

आज लिहूनच टाकते. वहीत हे कधी उतरवलं नव्हतं.

त्र्याण्णव साल, वैशाख. तीन दिवस कळा. बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या, अशी आमच्याकडची रीत. सासूबाईंनी कोठी उघडली, देवघरातलं कपाट उघडलं, दागिन्यांचा डबा उघडला. माझी वेणी सोडली. शेजारच्या गंगुबाईंनी तर आपल्या शेळीचं दावंसुद्धा सोडलं, आणि ती आमची तुळस खाऊन गेली! तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

सासूबाई कानाशी आल्या. "गोदे, आणखी कुठलं कुलूप राहिलंय का ग?"

मी मान हलवली. नाही म्हटलं.

पेटी माझ्या बाजेखालीच होती. किल्ली उशीच्या अभ्र्यात. आत ही वही — त्यांनी पाहिली असती म्हणून.

चौथ्या दिवशी बाजेसकट गार्डाच्या डब्यात घालून मला मुंबईला नेलं. तिथल्या मडम डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. मी वाचले. मुलगा गेलेलाच निघाला. मला दाखवला नाही. दाई एवढंच म्हणाली की जावळ दाट होतं.

ते कुलूप उघडलं असतं तर? कुणाला विचारणार! पोटावरच्या शिवणीवरून हात फिरवते तेव्हा तेच मनात येतं.

ता. २ फेब्रुवारी

आगगाडीने ठाण्याला जाऊन आलो. त्याच मडम आता तिथे मिशनच्या दवाखान्यात आहेत. मला ओळखलं. पोट पाहून म्हणाल्या, "रस्ता चांगला आहे. तेव्हा मूल आडवा होता, म्हणून कापला. आता तुम्ही स्वतः बाळंत होणार."

मी स्वारीकडे पाहिलं. स्वारी जमिनीकडे.

मग मडमनी दुसरी बाजूही सांगितली. कळांच्या जोरानं आतली शिवण सुटली तर फार थोडा वेळ हातात. मग मूलही जाईल, मीही जाईन. म्हणून महिनाभर आधी ठाण्यात येऊन राहायचं, पहिल्या कळेला दवाखाना गाठायचा, आणि कळ ओसरल्यावरही शिवणीपाशी दुखत राहिलं तर त्या क्षणी सांगायचं.

"आधीच कापून काढलं तर?" स्वारींनी विचारलं.

"चाकूखालून दोनदा उठलेली बाई मी अजून पाहिली नाही."

येताना स्वारींनी मला बोरं घेऊन दिली. भर स्टेशनावर, चार लोकांसमोर! लग्न झालं त्या वर्षी लपवून आणायचे, कोटाच्या खिशात चेंगरून जायची. तीच बोरं गोड होती, पण हे त्यांना सांगितलं नाही.

ता. ४ फेब्रुवारी

सासूबाईंचं एकच — "शिवलेल्या पोटानं कळा द्यायच्या? त्यापेक्षा बायजाच्या हातून घरी होऊ दे." पण बायजानेच हात जोडले. "माज्या हातून नको. मडमेकडं जा."

शेवटी सासूबाईंनी डिंकाचे लाडू बांधायला घेतले, म्हणजे मानलं. दुपारी म्हणाल्या, "कळा लागल्याची तार आली की इकडची सगळी कुलपं मी उघडीन हो. एक ठेवणार नाही."

मला तिथे बसवेना. उठून परसात गेले.

ठाणे, ता. १६ फेब्रुवारी

आवडामावशीकडे येऊन तीन दिवस झाले. आईची धाकटी बहीण. मागून पाहिलं तर हुबेहूब आई — तसाच अंबाडा, भाकरी थापताना तशीच पुटपुट. आज डोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि मी आठ वर्षांची झाले. तेल घालता घालता ती आईच्याच खोड्या सांगत होती. आईने म्हणे एकदा काळूत उडी मारून बायजाची वाहून चाललेली टोपली आणली होती! आईने मला कधी सांगितलं नाही.

बरोबर आणलेल्या पेटीत बाळाची कुंची आहे. आईच्या लुगड्याची, त्र्याण्णव साली शिवलेली. आज काढली, वास घेतला, परत ठेवली. कुलूप लावलं.

ता. २४ फेब्रुवारी

कुशीवर वळलं की शिवण ओढते. भीती वाटते. दुसरं लिहायला काही नाही.

ता. ५ मार्च

किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली आहे. पहिली कळ आली की आधी कुलूप उघडायचं, मग टांगा. रोज सकाळी घोकते, आप्पा पाढे घोकवून घ्यायचे तसं. वही कुणी पाहिली तरी पाहू दे. सासूबाईंनी स्वारीकडून वाचून घेतली तरी चालेल. या खेपेला माझ्याकडून काही राहता कामा नये.

ता. १८ मार्च

मुलगी! आपल्या वाटेनं आली. शिवण टिकली.

सातवी तारीख, शनिवार. मावशीबरोबर भिजवलेले वाल सोलत होते. कळ आली ती मागची ओसरायच्या आत पुढची. वाल तसेच टाकून टांग्यात बसलो. दिवेलागणीच्या आत मोकळी झाले. मडम माझ्यापेक्षा मोठ्यानं हसल्या. कल्याणला पोचलेली तार स्वारींनी स्वतःच उतरवून घेतली.

आज बारसं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच वही काढायला पेटी पुढे ओढली.

कुलूप लागलेलं होतं.

किल्ली गळ्यातच राहिली. ध्यानीमनीही आलं नाही. आणि पोर आली!

इतकी रडले की मावशी पाळणा सोडून धावत आली. कुंची हातात होती, तिला वाटलं आईच्या आठवणीनं रडते. मी ती पोरीच्या डोक्यावर बांधली. तो मुलगा माझ्यामुळे गेला नव्हता.